३ फुटी रीफ टँकचा तळ: अ‍ॅरागोनाइट रेती, कोरल चुरा, कन्हानची रेती की उघडी काच?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे कोरल आणि समुद्री मासे ठेवायचा, उभा राहतोय आणि गाडी तळाशी येऊन अडली आहे. माहिती सगळी देतो, म्हणजे उत्तर नेमकं मिळेल.

टँक बाहेरून ९१ × ४६ × ४६ सेंमी, काच १० मिमी. खाली सम्प (फिल्टरची वेगळी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारा) आणि पाणी हलवणारे ताशी ३००० लिटरचे दोन वेव्हमेकर. कोरडा दगड १८ किलो आणून ठेवला आहे. पाणी शुद्ध करायला आरओ-डीआय (मेंब्रेन आणि त्यामागे रेझिन) बसवलं आहे, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार मीटरवर ० येतात. ठेवायचं ते असं: क्लाउनफिशची जोडी, एक यलो कोरिस रॅस मासा, गोगलगायी, एक-दोन झिंगे. कोरलमध्ये आधी झोअँथस आणि लेदर, वर्षभर टँक स्थिर राहिला तर नाजूक हॅमर.

गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, जिथं बोअरचं पाणी खारं. उन्हाळ्यात लाइन दिवसाकाठी ४ ते ६ तास जाते. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि एक एअरपंप चालू राहतो, बाकी सगळं बंद.

पर्याय असे दिसतात:
अ‍ॅरागोनाइट रेती (कॅल्शियम कार्बोनेटचे दाणे) १-२ मिमी, थर ३ सेंमी.
तीच रेती बारीक, थर १२ सेंमी, म्हणजे नायट्रेट तळातच जिरेल असं म्हणतात.
कोरल चुरा ३-५ मिमी.
कन्हान नदीची रेती. ती घमेल्यानं मिळते.
काहीच नाही, उघडी काच.

कोणता घ्यावा, किती किलो घ्यावा, आणि टाकायचा कसा? रेतीमुळे पीएच आणि कॅल्शियम आपोआप टिकतं, हे खरं का?

वऱ्हाडी_रीफ

भाऊ, लाइन ४ ते ६ तास जाते हे तुम्ही लिहिलं ते बरं केलं. तळ ठरवताना आधी तेच पाहावं लागतं.

१२ सेंमीचा थर नायट्रेट काढतो, हे खोटं नाही. वरच्या एक-दोन सेंमीत प्राणवायू असतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. त्याखाली प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुड्यांनी वर निघून जातो. पण त्याहून खाली नायट्रेटही पोचत नाही. तिथले जिवाणू मग सल्फेटवर जगतात, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला २.७ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे त्यांना तोटा कधीच नाही. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोच. काचेला लागून रेतीत काळे डाग दिसायला लागले की तो थर तयार झाला समजा.

थर न हलवता पाणी फिरत राहिलं तर तो वायू वर येता येता प्राणवायूला भेटतो आणि निकामी होतो. लाइन गेली, पाणी थांबलं, की भानगड सुरू होते. रेतीतले कोट्यवधी जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतच राहतात आणि वरून नवा मिसळत नाही. खाऱ्या पाण्यात २६ अंशाला लिटरमागे जेमतेम ६.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशाला ६ च्या आसपास. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत लाइन गेल्यावर टँक ३० च्या वर जायला वेळ लागत नाही. अशा टँकमध्ये ५० किलो जिवंत रेती म्हणजे श्वास घेणारं आणखी एक मोठं जनावर. मासे त्याच प्राणवायूवर जगतात.

शिवाय जागा पाहा. ४६ सेंमीच्या टँकमध्ये १२ सेंमी रेती आणि वर ४-५ सेंमी रिकामा काठ सोडला तर पाण्याला उरतात जेमतेम २९ सेंमी. १८ किलो दगड त्यात कोंबल्यासारखा दिसेल.

म्हणून १-२ मिमी अ‍ॅरागोनाइट, थर अडीच ते तीन सेंमी. ५ ते ९ सेंमीच्या मधल्या थराच्या नादी लागू नका. नायट्रेट नीट मोडायला तो उथळ पडतो आणि कचरा काढायला खोल पडतो.

हिशोब आतल्या मापानं करा. काच वजा केली की तळ ८९ × ४४ सेंमी, म्हणजे ३९१६ चौरस सेंमी. ३ सेंमी थराला ११.७ लिटर. दगडाचे पाय साधारण पाचवा हिस्सा जागा घेतात, उरले साडेनऊ लिटर. कोरडी अ‍ॅरागोनाइट रेती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे १४ ते १५ किलो. ब्रँड बदलला की हे वजन थोडं बदलतं, तेव्हा पिशवी फोडून एक लिटरचं माप काठोकाठ भरा, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा आणि आलेल्या आकड्यानं साडेनवाला गुणा. परदेशी रेती बहुतेक ९ किलोच्या पिशवीत येते. दोन पिशव्या घ्या. उरलेली ३ किलो कोरडी जपून ठेवा, वर्षभरात साफसफाईत जाते तेवढी भरायला लागेल.

आता पीएचचं. अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पण ८.१ ते ८.३ पीएचच्या पाण्यात ते विरघळतच नाही. पाणी बरंच खाली, ७.७ च्याही खाली गेलं, तरच झिजायला लागतं. तेवढं खाली गेलं तर रेती वाचवायची की कोरल, हा प्रश्नच उरत नाही. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास हे मोजून आणि डोस देऊनच राखावं लागतं. रेतीच्या भरवशावर टेस्ट किट घ्यायचं टाळू नका.

कोरल चुरा ३-५ मिमी तर नकोच. खड्याखड्यामधल्या फटीत फ्रोजन मायसिसचा (माशांना घालायचे गोठवलेले बारीक झिंगे) अख्खा तुकडा उतरतो. वरून तळ पांढराशुभ्र दिसतो आणि खाली खत तयार होत असतं. नायट्रेट ४० च्या खाली येत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न तळाच्या दाण्याचा विचारावा.

काचतळ

वरच्या हिशोबाशी भांडण नाही, पण उघड्या काचेला कोणी एका ओळीत निकालात काढू नये म्हणून लिहितो.

उघड्या तळाचा खरा फायदा कचरा दिसतो हा. दोन्ही वेव्हमेकर पूर्ण ताकदीवर लावले तरी रेती उडून कोरलवर बसायची भीती नाही. कचरा एका कोपऱ्यात गोळा होतो, आठवड्याला पाणी बदलताना १२ मिमी नळीनं पाच मिनिटांत ओढून काढला की झालं. फॉस्फेट साठवून ठेवणारं काही तळाशी नसतं. अ‍ॅरागोनाइटच्या दाण्यावर फॉस्फेट चिकटतं आणि पाण्यातलं कमी झालं की पुन्हा सुटतं. त्यामुळे जुनी रेती असलेल्या टँकमध्ये फॉस्फेट काढणारं माध्यम लावलं तरी महिना-महिना आकडा हलत नाही, आणि माणूस माध्यमाला दोष देत बसतो.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जिवाणूंना राहायला आता फक्त दगड आणि सम्प. कोरड्या दगडावर वस्ती बसायला वेळ लागतो, म्हणून सायकल (अमोनिया मोडणाऱ्या जिवाणूंची वस्ती बसणं) पुरी झाली असं मानण्याआधी अमोनिया २ पीपीएमपर्यंत घाला आणि २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० येतात का ते सलग दोनदा पाहा.

दुसरी गोष्ट काचेची. दगड थेट काचेवर ठेवायचा नसेल तर ६ मिमी पांढरं एचडीपीई शीट टाकतात, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डाचा प्लास्टिक तोच. इथे फसगत होते. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं असतं, तरंगतं. आणि सिलिकॉन त्याला धरत नाही. चिकटवलं असं वाटतं, पाणी भरल्यावर आठवड्यात एक कोपरा उठतो, त्याखाली कचरा शिरतो आणि तिथून काढता येत नाही. म्हणून शीट आतल्या मापापेक्षा चारी बाजूंनी २-२ मिमी कमी कापायचं, टँक रिकामा असतानाच टाकायचं, दगडाच्या वजनानं दाबून धरायचं आणि मगच पाणी भरायचं.

तुमच्या यादीतला कोरिस रॅस मात्र उघड्या तळावर ठेवू नका. तो रात्री रेतीत शिरून झोपतो, घाबरला तरी रेतीतच घुसतो. काचेवर तोंड आपटून जखमी होईल. नॅसॅरियस गोगलगायीलाही रेती लागते, तीही गाडून घेणारी. रॅस सोडायची तयारी असेल तरच काच.

पूर्णाकाठ

रॅस सोडायचा नाही, त्यामुळे काच बाद. पण रॅसला ३ सेंमी, १-२ मिमी पुरेल का? आणि कन्हानच्या रेतीबद्दल कोणी बोललं नाही. इथे रेती सगळ्यांना ओळखीची, म्हणून विचारतो. वणीकडची चुनखडीची बारीक गिट्टीही मिळते. ती पण कॅल्शियम कार्बोनेटच ना?

चाळणी_वणी

कन्हान असो की वैनगंगा, रेती मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. सिलिकानं रीफ मरते असं सांगतात ते पटण्यासारखं नाही. क्वार्ट्झ खाऱ्या पाण्यात इतकं हळू विरघळते की तपकिरी शेवाळाचं खापर तिच्या माथ्यावर फोडू नये. अडचण त्या रेतीसोबत दुसरं काय येते याची आहे.

पहिलं, चिकणमाती. दाण्यावर मातीची पातळ साल बसलेली राहते, वीस वेळा धुतली तरी पाणी पिवळसर येत राहते. दुसरं, लोखंडाचे काळे कण. कागदावर मूठभर कोरडी रेती पसरा आणि खालून स्पीकरचं चुंबक फिरवा, काळे कण कागदावर चालायला लागतील. काच पुसायचं चुंबक टँकमध्ये तळाला लागलं की हेच कण त्याला चिकटतात आणि काचेवर लांब ओरखडे पडतात. ते मग काढता येत नाहीत. तिसरं आणि सगळ्यात वाईट, तांबं. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतात. नाल्याकाठची, बागेच्या बांधाची रेती असेल तर त्यात काय उतरलं हे कोणाला सांगता येणार नाही. मासा थोडं तांबं सहन करते. झिंगे, गोगलगायी आणि कोरल करत नाहीत.

याच कारणानं एक गोष्ट बजावून सांगतो. फवारणीची बादली, ड्रम, मग, काहीही रेती धुवायला घेऊ नका. कितीही घासलेलं असो. रेतीसाठी नवी बादली आणा आणि तिच्यावर मार्करनं लिहून ठेवा. तसंच कोणी बंद केलेल्या टँकची रेती फुकट देत असेल तर आधी विचारा की त्यात मासे आजारी पडल्यावर तांब्याचं औषध टाकलं होतं का. कॅल्शियम कार्बोनेट तांबं धरून ठेवते आणि पुढं हळूहळू सोडते. हो म्हणाला किंवा आठवत नाही म्हणाला, दोन्ही वेळा नको म्हणा.

आता चुनखडी. तुमचं बरोबर आहे, तीही कॅल्शियम कार्बोनेट. पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फसफसेल. पण फसफसली म्हणजे शुद्ध आहे असं होत नाही, कार्बोनेट आहे एवढंच कळते. खाणीतल्या दगडात माती, लोखंड, कधी फॉस्फेटही राहते. गिट्टीचे कण क्रशरमधून निघालेले, धारदार. रॅस आणि गोबीसारखा रेतीत शिरणारा मासा त्यात अंग खरचटून घेते आणि जखमेतून संसर्ग होतो. भट्टीजवळची गिट्टी असेल तर त्यात न विझलेला चुना असायची शक्यता, तो पाण्यात पडला की पीएच एकदम उडते. सम्पमध्ये सुद्धा टाकू नका.

कोकणात कोणी जाणार असेल तर मालवणच्या किनाऱ्यावरून कोरलचे तुकडे, चुरा पिशवीत भरून आणायला सांगू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी कोरल पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेला तुकडाही त्यातच येतो. टँकसाठी कोरल घ्याल तेव्हाही विकणाऱ्याकडून कागदपत्रं मागून घ्या. तळ साफ ठेवायला समुद्री काकडी घ्या असं परदेशी व्हिडिओत सांगतात, तीही आपल्याकडे संरक्षित आहे.

रॅसचं उत्तर सोपं आहे. सगळ्या टँकचा थर वाढवू नका, त्याला खाट वेगळी करून द्या. २० × २० सेंमीचा, ८ सेंमी उंच काचेचा चौकोन सिलिकॉननं जोडून घ्या किंवा तेवढा काचेचा पसरट डबा आणा. त्यात ०.५ ते १ मिमी बारीक अ‍ॅरागोनाइट ७ सेंमी भरा, ३ लिटरला थोडी कमी, म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास. दगडाच्या मागच्या अंगाला, वेव्हमेकरचा झोत थेट लागणार नाही अशा जागी ठेवा. समोर दोन दगड टेकवले की डबा दिसतही नाही. एवढ्याशा थरात काळे डाग दिसले तर तो एकटाच बाहेर काढून साफ करता येते, टँक हलत नाही. आणि झाकण विसरू नका. रॅस उडी मारते. खिडकीची मच्छरजाळी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवून ठेवली तर उन्हाळ्यात बाष्पीभवनानं पाणी थंडही होत राहते.

वऱ्हाडी_रीफ

डब्याची युक्ती चांगली आहे, तशीच करा. आता टाकायचं कसं ते.

दगड आधी, रेती नंतर. हा क्रम उलटा केला की पुढं दगड कोसळतो. रेतीवर ठेवलेल्या दगडाखालची रेती झिंगा उकरतो, गोबी उकरते, वेव्हमेकर सरकवतो. महिन्याभरानं दगड कलतो आणि १० मिमी काचेवर चार किलोचा दगड आपटला तर काय होतं ते सांगायला नको. दगड काचेवर थेट टेकवायला नको असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचे ४ × ४ सेंमी तुकडे द्या. दगड हातानं जोरानं हलवून पाहा, हलला तर आत्ताच नीट करा.

धुणं. पाकिटावर लाइव्ह लिहिलेली, म्हणजे जिवाणू असलेली ओली रेती असेल तर धुवायची नाही, आतलं पाणीही फेकायचं नाही. कोरडी असेल तर धुवायचीच. एका वेळी ३ किलो, बादलीत अर्धी. पाइप थेट तळाशी लावून पाणी सोडा, हात बुडवून खालून वर उलटा, दुधासारखं पाणी ओता, पुन्हा भरा. आठ-दहा वेळा करावं लागतं. पहिल्या धुण्यांना बोअरचं पाणी चालतं, शेवटचं धुणं आरओच्या पाण्यानं. पूर्ण काचेसारखं स्वच्छ पाणी यायची वाट पाहू नका, अ‍ॅरागोनाइटचे दाणे एकमेकांवर घासून धूळ होतच राहते. बोटं बुडवल्यावर दिसतात इतपत आलं की थांबा.

रिकाम्या टँकमध्ये टाकत असाल तर मगानं दगडाभोवती पसरा, वर एक ताटली ठेवा आणि खारं पाणी ताटलीवर ओता, खड्डा पडत नाही. टँक आधीच भरलेला असेल तर दीड इंची पीव्हीसी पाइप घ्या, तळापासून दोन बोटं वर धरा आणि वरून नरसाळ्यानं ओली रेती सोडा. पाइप हळूहळू सरकवत न्या. वरून मूठमूठ सोडली तर तीन दिवस टँक ताकासारखा दिसेल.

टाकल्यावर वेव्हमेकर दोन-तीन तास बंद ठेवा, बारीक धूळ बसू द्या. मग सुरू करा, सम्पमध्ये जाड फिल्टर फ्लॉस लावा आणि दिवसातून दोनदा बदला. स्किमर दोन दिवस बंद. २४ ते ७२ तासांत पाणी निवळतं. दगडावर पांढरा थर बसेल, तो लहान पंपानं फुंकून काढा, तसाच ठेवला तर दगडाच्या छिद्रांत सिमेंटसारखा भरतो.

वेव्हमेकर समोरासमोर, वरच्या तिसऱ्या भागात आणि किंचित वर तोंड करून. तुमच्या टँकमध्ये दगड-रेती वजा जाता दीडशे लिटरच्या आत पाणी राहील, दोन्ही मिळून तासाला ४० पट फिरवणूक होते. १-२ मिमी रेतीला हे चालतं, पण झोत खाली वाकवला तर दोन दिवसांत समोरच्या काचेशी तळ उघडा पडेल.

काचतळ

सुरुवातीच्या तीन महिन्यांत रेतीवर रंग चढायला लागतील, तेव्हा घाबरून रेती बदलायला जाऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तपकिरी पावडर बसेल. हे डायटम, सिलिकेटवर वाढणारं शेवाळ. हात फिरवला की धुरासारखं उडतं. चार-सहा आठवड्यांत आपोआप जातं. जात नसेल तर पाण्यात सिलिकेट येत आहे, डीआयचा रेझिन संपला का पाहा. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याचा टीडीएस इतका राहतो की मेंब्रेननंतरही बरंच उरतं आणि रेझिन पुस्तकात लिहिलंय त्याच्या कितीतरी आधी संपतो. मीटर दर वेळी लावा, महिन्यातून एकदा लावून भागणार नाही. आणि ज्यांना वाटतं की आपलं पाणी नाहीतरी खारंच आहे, मग चालेल की, त्यांना सांगतो: ते समुद्राच्या मानानं फारच कमी खारं आहे आणि त्यातल्या क्षारांचं गणित वेगळं. त्यात सी सॉल्ट मिसळून क्षारतेचा आकडा ३५ (लिटरमागे ग्रॅम) आणला तरी ते समुद्राचं पाणी होत नाही.

लालसर जांभळा, सोलून निघणारा पापुद्रा म्हणजे सायनो, जिवाणूंचाच एक प्रकार. प्रवाह मंद पडलेल्या जागी आणि कचरा साठलेल्या जागी येतो. नळीनं ओढून काढा, वेव्हमेकरचं तोंड तिकडे वळवा, खाणं कमी करा.

तिसरा प्रकार त्रासाचा. तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यात हवेचे बुडबुडे, दिवसा वाढतात आणि रात्री कमी दिसतात. हे डायनोफ्लॅजेलेट. ओळखायची रीत अशी: थोडं गोळा करून झाकणाच्या बाटलीत टँकचंच पाणी घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा, गाळलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. पुन्हा धागे जमले तर डायनो. सर्वात मोठी चूक इथेच होते. माणूस घाण समजून पाणी बदलत सुटतो, नायट्रेट आणि फॉस्फेट ० वर नेतो, आणि डायनोला नेमकं तेच हवं असतं, कारण त्याच्याशी झगडणारं दुसरं शेवाळ उपाशी मरतं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहू द्या. टँक पांढराशुभ्र ठेवण्याच्या हट्टापायी आकडा शून्यावर नेऊ नका.

चाळणी_वणी

साफसफाईचं एक राहिलं. ३ सेंमी थर असेल तर तळाचे चार भाग मनात पाडा, दर आठवड्याला एकच भाग नळीनं उपसा. चारही एकाच दिवशी उपसले तर दाण्यावरची जिवाणूंची वस्ती एकदम हलते, दुसऱ्या दिवशी अमोनिया दिसते. १६ मिमी नळीला पुढं जाड पाइपचा तुकडा जोडा, रेतीत खुपसा, कचरा वर चढला आणि रेती अर्ध्यापर्यंत आली की नळी बोटांनी दाबा. रेती खाली पडते, घाण निघून जाते. दोन वेळा केलं की हाताला अंदाज येते.

नॅसॅरियस ५-६ आणि सेरिथ ५-६, या दोन्ही गोगलगायी, एवढ्या टँकला भरपूर. रेती चाळणारी मोठी गोबी १५० लिटरमध्ये घेऊ नका, दोन महिन्यांत रेतीतलं सगळं खाऊन टाकते आणि मग डोळ्यांदेखत पोट आत जात जात उपाशी मरते.

पूर्णाकाठ

ठरलं. १-२ मिमी अ‍ॅरागोनाइट दोन पिशव्या, बारीक पाच किलो रॅसच्या डब्यासाठी, दगड आधी, बादली नवी. कन्हानची रेती आणि चुनखडी बाजूला.

शेवटची शंका. अल्कलिनिटी राखायला चुन्याची निवळी वापरायचा विचार आहे. रेतीचे गोळे होतात असं वाचलं, ते याच्यामुळे का?

वऱ्हाडी_रीफ

हो, बहुतेक वेळा याच्यामुळेच. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ती भसकन ओतली किंवा पांढरा साका तळाशी असलेलं पाणी ढवळून टाकलं, की टँकमधलं कॅल्शियम कार्बोनेट तिथल्या तिथं बाहेर पडतं आणि ते बसायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे रेतीचा दाणा. दाणे एकमेकांना चिकटतात, आधी बिस्किटाएवढे, मग ताटाएवढे तुकडे. मॅग्नेशियम १२०० च्या खाली असेल तर हे लवकर होतं.

पानाचा चुना वापरू नका, खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. एक लिटर आरओ-डीआय पाण्यात चहाचा सपाट अर्धा चमचा, साधारण दीड ग्रॅम, हलवून झाकण लावून रात्रभर ठेवा. वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्या, खालचा साका सोडून द्या. रात्री, दिवे बंद झाल्यावर, सम्पमध्ये जिथे प्रवाह जोरात आहे तिथे थेंबथेंब, सलाइनच्या नळीचा चिमटा लावून. दिवसाला जेवढं पाणी उडतं तेवढंच, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात या टँकमधून बरंच पाणी उडेल, तेव्हा सगळं निवळीनंच भरायला जाऊ नका, आधी डीकेएच मोजा. एका दिवसात १ च्या वर चढला तर निवळी अर्धी करा आणि बाकीचं साधं आरओ-डीआय भरा.

लाइन गेली की निवळीचा चिमटा आधी बंद करायचा. सम्पचा पंप थांबलेला असताना थेंब चालूच राहिले तर सम्पमधलं पाणी दुधी होतं आणि लाइन आल्यावर ते सगळं एकदम वर टँकमध्ये जातं. जमल्यास डोसिंग पंपच घ्या आणि तो रिटर्न पंपाच्या (सम्पमधून पाणी वर टँकमध्ये नेणारा) प्लगवरच लावा, म्हणजे दोन्ही सोबत बंद आणि सोबत सुरू.

गोळे झालेच तर रेती उपसायची गरज नाही. काठीनं हळूच मोडा, एका वेळी तळहाताएवढी जागा, आणि त्या आठवड्यात त्या भागाचा कचरा नळीनं काढून घ्या.